शेवटची सोळा पानं

माझ्या मामाला बेटावर नावानं कोणी ओळखत नाही. लाँचमधून उतरलेल्या नव्या माणसानं त्याचं खरं नाव घेऊन चौकशी केली, तर धक्क्यावरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि ठासून सांगतात, "असा कोणी इथे राहतच नाही." मग तो बिचारा म्हणतो, "अहो, जाळ्यांच्या शेडमध्ये पुस्तक वाचून दाखवतात ते." "असं होय! उद्यामामा! मग आधी तसं सांगायचं की हो."

उद्यामामा, कारण रोजचं वाचन थांबवताना तो एकच वाक्य म्हणतो. "उरलेलं उद्या." नायक कड्यावरून लोंबकळत असो नाहीतर नायिका विषाचा पेला तोंडाला लावत असो, पाच वाजले की मामा पुस्तकात दोऱ्याचा तुकडा घालतो, चष्मा काढतो आणि उरलेलं उद्या. मामी म्हणते, घरातली कामंही हा माणूस अशीच करतो. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर गेले आठ महिने उद्या बसतोय. नळ टपटप गळतो आणि मामी त्या आवाजाला मामाच्याच नावानं हाक मारते. फक्त जेवणाच्या बाबतीत मामा आजचा माणूस आहे.

मी बेटावर आलो तो लाँचच्या तिकीट खिडकीवर बसायला. लहान गावातल्या शाळेत पहिला आलेला मुलगा पुढे काय करतो, याचं उत्तर हवं असेल त्यानं माझ्याकडे बघावं. तिकिटं फाडतो. राहायला मामाचं घर होतं म्हणून आईनं बिनघोर पाठवलं. निघताना एवढंच म्हणाली, "मामा वाचेल ते ऐक. पण त्याला धाकट्याबद्दल काही विचारू नकोस." धाकटा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझा दुसरा मामा. तो समुद्रात गेला, एवढंच आम्हाला माहीत. आमच्या घरी त्याचा एक फोटो आहे. त्यात तो फोटो काढणाऱ्याला काहीतरी चावट बोलून नुकताच गप्प झाल्यासारखा उभा आहे.

शेड धक्क्याला लागूनच आहे. वर पत्रे, खाली गुळगुळीत झालेली फरशी, आडव्या वाशांना टांगलेली हिरवी-निळी जाळी, आणि डिझेल, मासळी, ओला नायलॉन यांचा मिळून झालेला एक वास, जो पहिल्या आठवड्यात सहन होत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात आपल्याच शर्टाला येतो. बारा-तेरा जणं तिथे फाटकी जाळी शिवत बसतात. त्यांत बायाच जास्त. मामाच्या वाटणीचं जाळं बाकीचे शिवतात, प्रत्येकी दोन-दोन हात जास्त. त्या बदल्यात मामा तीन ते पाच वाचतो. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्यात पन्नास-साठ पुस्तकं, सगळी खाऱ्या हवेनं फुगलेली. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं दोर ओढायच्या चक्रात गेली, तेव्हापासून तो बोटीवर जात नाही. उरलेल्या तीन बोटांनी तो पान असं उलटतो, जणू खाली कोणी झोपलंय आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण काढायचं आहे.

आता या वाचनाचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळेच झालं. शेडची एक मोठी बोट आहे, सात माणसांची. ती चार-पाच दिवस बाहेर जाते, दोन-तीन दिवस किनाऱ्याला असते. बोट किनाऱ्याला असेल तेव्हाच मामा पुस्तक उघडतो. ती सात माणसंही येऊन बसतात. बोट निघायच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम अशा जागी थांबतो की ऐकणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा. बोट बाहेर असली की पुस्तक कपाटात. तेव्हा बायांना शिळी वर्तमानपत्रं ऐकायला मिळतात, जाहिरातींसकट. आणि पुस्तकाचा शेवट तर हंगाम संपून बोट वर ओढल्यावरच. त्याआधी नाही म्हणजे नाही. पुस्तक लवकर संपायला लागलं, तर मामा एकाच पानावर दोन दिवस काढतो, वाऱ्याचं वर्णन पदरचं घालून.

मी सुरुवातीला विचारलं होतं, "मामा, हे असं का?"

उत्तर तांडेलाच्या आईनं दिलं. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, आणि त्याची आई म्हणजे शेडची मुख्य. "अर्धी गोष्ट ऐकून गेलेला माणूस उरलेली ऐकायला येतो," ती दात दिसू न देता हसली. "येतोच. बावीस वर्षं येताहेत सगळे. तू आपली तिकिटं फाड."

मी मनात म्हटलं, छान. विम्यापेक्षा स्वस्त.

या वर्षीचं पुस्तक जाडजूड होतं, कव्हर नसलेलं. एका व्यापाऱ्याची बायको वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली असते. एक दिवस दूरच्या बंदरातून त्याच्या नावानं एक पेटी येते, कुलूप लावलेली, किल्लीशिवाय. पेटी फोडायला त्याचं मन धजत नाही. मग तो किल्ली शोधायला निघतो आणि तीनशे पानं फिरतो. माझ्यासारख्यानं पहिल्या पानावरच हातोडा आणला असता, पण मग पुस्तक झालं नसतं. हंगामाच्या शेवटून दुसऱ्या फेरीआधीच्या रविवारी किल्ली एकदाची कुलपात गेली. फिरली. खट् आवाज झाला. व्यापाऱ्यानं झाकणाला हात लावला.

"उरलेलं उद्या," मामा म्हणाला.

शेडमध्ये असा ओरडा झाला की धक्क्यावरचे बगळे उडाले. सगळ्यांत जास्त ओरडले आमचे भाऊजी. हे माझ्या मामेबहिणीचे, ताईचे, यजमान. बोटीचं इंजिन त्यांच्या ताब्यात. माणूस सोन्यासारखा, पण धीर नावाची वस्तू देवानं द्यायची विसरलेली. लग्नातसुद्धा म्हणे हार घालायची वेळ व्हायच्या आधीच घालून बसले होते.

"सासरेबुवा, हा अन्याय आहे," ते म्हणाले.

"जावईबापू, हा शुक्रवार आहे," मामा म्हणाला. बोट शुक्रवारी दुपारी परत यायची होती.

पुस्तकाची पाठ सुटत होती, म्हणून मामानं ते शिवायला घरी आणलं. सोमवारी सकाळी तो अंघोळीला गेला, तेवढ्यात मी उरलेली सोळा पानं वाचून टाकली. नियम बोटीवाल्यांना, तिकीटवाल्याला कसला नियम? पुस्तक होतं तसं ठेवलं आणि खिडकीवर जाऊन बसलो.

आठच्या सुमाराला खिडकीतून भाऊजींचं डोकं आत आलं. "मेहुणे, एक द्या."

"तिकीट? तुम्हाला कशाला? तुमची बोट आहे की."

"तिकीट कोण मागतंय? पेटीत काय आहे ते द्या." माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं. "वाचलंय तुम्ही! खोटं बोलू नका, कान लाल झालेत. सांगा, चार दिवस डोक्यात भुंगा नको. इंजिनाकडे लक्ष लागत नाही माझं."

मागे तांडेल बोटीवरून हाका मारत होता. लाँचसाठी रांग लागली होती. मला वाटलं, सांगून मोकळं व्हावं. "पत्रं आहेत. तिनं वीस वर्षं त्याला लिहिलेली, एकही न पाठवलेलं."

"आणि ती? भेटते ना?"

"नाही. ती मेलेली असते. म्हणून तर पेटी येते."

भाऊजींचा चेहरा पडला. "हात्तिच्या," ते म्हणाले. "उगाच विचारलं." मग दोन पावलं जाऊन वळले. "सासरेबुवांना बोलू नका हं." आणि धक्क्यावरून पळत सुटले. मी पुढच्याला तिकीट दिलं आणि नऊच्या लाँचचा शिक्का चुकून परतीच्या बाजूला मारला. ही एक चूक मला तेव्हाच कळली.

गुरुवारी दुपारी वारा फिरला. सकाळी पश्चिमेला एक पिवळट पट्टा दिसत होता, तो दुपारपर्यंत अर्ध्या आभाळावर आला. चारच्या लाँचनंतर धक्क्यावर लाल बावटा लागला आणि खिडकी बंद करायचा हुकूम आला. वायरलेसच्या खोलीत जो माणूस बसतो, त्यानं सांगितलं की बोटीशी शेवटचं बोलणं बुधवारी सकाळी झालं. इंजिन गरम होतंय, एवढं कळलं आणि मग खरखर.

शुक्रवारी दुपारी बोट आली नाही.

शेडमध्ये सगळे होते. जाळी शिवली जात होती, पण सुया पडायचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. पत्रे वाजत होते. मामानं तीन वाजता वर्तमानपत्र उघडलं आणि कुठल्याशा गावात झालेल्या विहिरीच्या उद्‌घाटनाची बातमी वाचली. ती संपल्यावर तीच पुन्हा वाचली. मग ताईनं विचारलं, "बाबा, येतील ना रे?"

"न यायला काय झालं?" मामा म्हणाला. "पेटी उघडायची राहिलीय. तुझ्या नवऱ्याला पेटीत काय आहे हे कळल्याशिवाय मरणसुद्धा येणार नाही, इतका तो उतावळा आहे."

बाया हसल्या. तांडेलाची आई म्हणाली, "माझा लेक तर किल्ली फिरली तेव्हा उभाच राहिला होता." ताईसुद्धा डोळे पुसून हसली. आणि मी जाळ्याच्या आड बसून बघत होतो की तेरा माणसं एका कुलपावर विसंबून बसली आहेत आणि ते कुलूप मी सोमवारी सकाळी आठ वाजता उघडून ठेवलंय.

मला कळत होतं की हा वेडेपणा आहे. वारा पुस्तक वाचत नाही. पण भीती कळण्यावर चालत नव्हती. जेवताना मी ताट तसंच ठेवून उठलो. मामीनं विचारलं, "तुला काय झालं रे? तुझा कोण आहे बोटीवर?" मी म्हटलं, "पित्त."

शनिवारी लाँच बंदच होती. मी घरी आलो, तर स्वयंपाकघराच्या दारात मामी भिंतीला टेकून उभी होती, आणि आत मामा ओट्यापाशी गुडघ्यावर बसून नळाचा वायसर बसवत होता.

मामीकडे बघितलं आणि मला कळलं. तीस वर्षं ज्या माणसानं काही आज केलं नाही, तो आज आठ महिन्यांचं काम उरकत होता. दाराची कडीसुद्धा ठोकून झाली होती. कंदिलाची काच पुसून ठेवली होती. "बसला बघ," मामा म्हणाला आणि नळ बंद केला. टपटप थांबली.

"अहो, असं नका ना करू," मामी म्हणाली. मग पदर तोंडाला लावून ताईकडे निघून गेली.

मी दार लोटलं. "मामा, एक सांगायचंय."

"उद्या सांग."

"नाही, आत्ताच. भाऊजींना शेवट माहीत आहे. मी सांगितला. सोमवारी, खिडकीवर."

मामाच्या हातात पकड होती. ती त्यानं ओट्यावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. ओरडला असता तर बरं झालं असतं. बराच वेळ वाऱ्यानं खिडकीचं दार आपटत राहिलं आणि त्यानं कडी लावायला हात उचलला नाही.

"आई म्हणाली असेल तुला, धाकट्याचं विचारू नको म्हणून," तो म्हणाला. "नको विचारूस. मीच सांगतो. माझा हात चक्रात गेला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरात, हाताला ही एवढी पट्टी. रोज आम्ही दोघं एक पुस्तक वाचत होतो. म्हणजे मी वाचायचो आणि तो ऐकायचा, त्याला अक्षराचा कंटाळा. निघायच्या दिवशी हटून बसला. म्हणाला, संपव, माझ्या जागी तू असतास तर मी संपवलं असतं. संपवलं मी. खूश होऊन गेला. बोट आली, तो नाही आला."

"मामा, पण त्याचा आणि गोष्टीचा..."

"मी खुळा आहे का रे? दोर तुटला म्हणून गेला तो. तांडेलाच्या बापानं तुटलेलं टोक आणून दाखवलं मला. पण दोराचं मी काय करणार होतो, इथे पट्टी बांधून बसलेला? माझ्या हातात पुस्तक होतं. मग मी पुस्तकाचं काय ते बघितलं." त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "काय सांगितलंस जावयाला?"

"पत्रं आहेत म्हणून."

"आणि?"

"ती मेलेली असते म्हणून."

"बोटीवर चाललेल्या माणसाला मेलेली बाई सांगितलीस?"

"पुस्तकात तसंच आहे, मामा."

"पुस्तकात काय वाट्टेल ते असेल," मामा उठला. "आण ते इकडे."

पुस्तक सोळा-सोळा पानांचे गठ्ठे दोऱ्यानं शिवून केलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मामानं जाळ्याची सुई घातली, तीन टाके उसवले आणि शेवटचा गठ्ठा अलगद सुटून हातात आला. तो त्यानं माझ्या अंगावर टाकला. "हे घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको. आणि तुझ्या ऑफिसातून कोरे कागद आण."

ऑफिसात कोरे कागद नव्हते. रद्द झालेल्या फेऱ्यांच्या प्रवासी याद्या होत्या, एका बाजूला छापील. त्याच नेल्या. मामानं चष्मा चढवला आणि डाव्या हातानं कागद दाबून तीन बोटांनी लिहायला बसला. मी बघतोय हे विसरून तो एकदा पुटपुटला, "माहीत आहे म्हणे. काय माहीत आहे जावयाला? शेवट तर अजून लिहायचाय."

मग काहीतरी आठवल्यासारखं करून उठला, पकड घेतली, नळाचा नवा वायसर काढला आणि जुना फाटका परत बसवला. नळ गळायला लागला. तासाभरानं मामी परत आली, दारातच थबकली, त्या टपटपीकडे कान देऊन उभी राहिली. मग तिनं कुकर लावला. शुक्रवारपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

रविवारी मामा दिवसभर लिहीत होता. ताई दोनदा येऊन गेली. "बाबा काय लिहितोय?" तिनं मला हळूच विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

"गोष्ट," मी म्हटलं. "उरलेली."

"अर्धी ठेवलीये ना अजून?"

"अर्धीच आहे," मी म्हटलं. आणि तिकीट खिडकीवर बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखं वाटलं, जरी ते खरं होतं की नाही, हे मला नक्की माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी वारा पडला. दहाच्या सुमाराला एक मालवाहू जहाज दक्षिणेकडून येताना दिसलं आणि त्याच्या मागे दोरानं बांधलेलं काहीतरी लहान. तांडेलाच्या आईची नजर साठीतही घारीची आहे. "आपलीच आहे," ती म्हणाली.

सगळे धक्क्यावर धावले. जवळ येईपर्यंत प्रत्येक जण डोकी मोजत होता. मीही मोजली. सहा. परत मोजली. सहा. ताई माझ्या शेजारी होती, तिनं माझा दंड धरला होता आणि ती मोजत नव्हती. ती फक्त एकाला शोधत होती. मामा धक्क्याच्या अगदी कडेला उभा होता, कागदांची गुंडाळी छातीशी धरून, आणि त्याचे ओठ हलत होते. सहा, सहा, सहा.

"अरे, त्याला बाहेर बोलवा!" तांडेल बोटीवरून ओरडला. "चार दिवस इंजिनात घुसून बसलाय. दोर लावला तरी म्हणतो, माझं मी चालू करतो!"

इंजिनाच्या भोकातून एक काळंकुट्ट डोकं वर आलं. दात तेवढे पांढरे. मामानं हातातली गुंडाळी इतकी आवळली होती की ती पुढे कधी सरळ झाली नाही.

मंगळवारी तीन वाजता शेड गच्च भरली होती. त्या सात जणांना बोट बंद पडली तेव्हापासूनचं सगळं एकाच वेळी सांगायचं होतं. वायरलेस गेला, इंजिन गेलं, चार दिवस लाटा नेतील तिकडे. "वेड लागायची पाळी आली होती," तांडेल म्हणाला. "एक तर रडायलाच लागला, कोण ते सांगत नाही. मग यानं," त्यानं भाऊजींच्या पाठीत थाप मारली, "यानं पेटीची गोष्ट पुढे सांगितली. म्हणे मला माहीत आहे. काय सांगितली हो! पत्रं निघाली, वाचता वाचता तो बंदरात पोचतो, आणि ती तिथे उभी. म्हातारी झालेली. पण उभी. म्हणते, फार उशीर केलात. आम्ही तीनदा ऐकली."

सगळ्यांनी आधी मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भाऊजींकडे बघितलं. मी त्यांना असं सांगितलं नव्हतं. भाऊजींनी मान किंचित हलवली, म्हणजे, गप्प बस मेहुण्या.

"कोणी सांगितलं तुला?" तांडेलाची आई म्हणाली. नियम मोडल्याचा राग तिच्या आवाजात होता, पण लेक मांडीला मांडी लावून बसला असताना तो नीट वर येत नव्हता.

"कोणी कशाला सांगायला हवं?" भाऊजी म्हणाले. "माझ्या मनानंच."

मामानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "चूक आहे ती," तो म्हणाला. "पेटीत पत्रं नाहीतच." आणि चुरगळलेली गुंडाळी उघडून वाचायला लागला. त्याच्या गोष्टीत पेटीत फक्त दुसरी एक किल्ली होती, कुठल्याशा घराची. व्यापारी ते घर शोधतो, जिना चढतो, दारापाशी येतो. आतून कोणाच्या तरी पावलांचा आवाज येतो. मामा थांबला.

"पुढे?" सात जणं एकदम.

"उरलेलं उद्या."

"अहो, पण हे शेवटचं पान आहे!" भाऊजी ओरडले. "मला दिसतंय इथून, मागे प्रवासी यादी छापलीये!"

काय हशा झाला. मामाला स्वतःच्या हातानं लिहितानाही गोष्ट पुरी करवली नव्हती. दार कोण उघडतं, हे हंगाम संपल्यावरही त्यानं सांगितलं नाही. तांडेलाची आई अजून विचारते.

पण त्या संध्याकाळी जेवताना तो घास हातात धरून थांबला. "तीनदा ऐकली म्हणाले," तो मला म्हणाला. "चार दिवस. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे." मागे नळ टपटपत होता.

नवा हंगाम लागला, नवं पुस्तक निघालं. आता पद्धत अशी आहे. पहिल्या दिवसाच्या आधी मामा ते पुस्तक घरी आणतो, चष्मा काढून ठेवतो, म्हणजे त्याला स्वतःलाही अक्षर दिसू नये, आणि चाचपून शेवटचे तीन टाके उसवतो. मला त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभं करतात, शाळेत कधी केलं नव्हतं तसं. सुटलेली सोळा पानं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिकटपट्टी, तिच्यावर दुसरी पिशवी. ते पाकीट बोटीवरच्या पत्र्याच्या डब्यात जातं, जिथे धोक्याच्या वेळी उडवायच्या नळ्या ठेवतात. तांडेलाला ताकीद आहे. इंजिन बंद पडलं आणि वायरलेसही गेला, तरच फोडायचं. नाहीतर बोट वर ओढल्यावर शेडमध्ये सगळ्यांसमोर. तोवर शेवट काय आहे, हे बेटावर कोणालाही माहीत नसतं. मला तर मुळीच नाही.

बोट आली की बाया डोकी मोजतात. मामा मोजत नाही. तो धक्क्याच्या कडेला जातो आणि विचारतो, "पाकीट?"

"बंद," तांडेल हात वर करून दाखवतो. मग मामा श्वास सोडतो आणि माणसांकडे बघतो.

गेल्या आठवड्यात बोट तीन तास उशिरा आली. समुद्र तसा शांत होता. मी खिडकीवरून दहा वेळा उठलो. सातही जणं उतरली, हसत-बोलत, जरा जास्तच मोठ्यानं. "पाकीट?" मामानं विचारलं.

"बंद आहे," तांडेल म्हणाला. पण हात वर केला नाही. पाकीट मामाच्या हातात दिलं.

बंद होतं खरं. पण चिकटपट्टीचं एक टोक उचललेलं होतं, नखभर, आणि त्या टोकावर काळ्या तेलाचा अंगठा उमटला होता. ताईनं भाऊजींना विचारलं, "उशीर का झाला हो?" भाऊजी म्हणाले, "लाट होती." आणि दुसरीकडे बघायला लागले.

मामानं अंगठ्याचा तो ठसा जवळ धरून बघितला. मग माझ्या खिडकीपाशी आला, माझ्या टेबलावरची चिकटपट्टी उचलली, ते टोक नीट दाबून त्यावर नवी पट्टी लावली, एक आडवी आणि एक उभी, आणि पाकीट डब्यात ठेवायला पुन्हा बोटीवर गेला. बोट बुधवारी परत निघणार होती.